चिपळूणचा मनोविकारतज्ज्ञांचा दवाखाना: पाचपैकी चार तारे

दवाखाना एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारखा आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही. डॉक्टर बाई आहेत. पहिल्या वेळी हजार रुपये, नंतर सहाशे. अपॉइंटमेंट अकराची दिली तरी नंबर लागायला दीड वाजतो, तेव्हा गुहागरकडून येणाऱ्यांनी डबा घेऊनच निघावं. एवढं सगळ्यांसाठी. पुढचं लिहितेय ते ज्यांच्या घरचं माणूस बोटीवरून वेगळंच होऊन परत आलंय त्यांच्यासाठी. आपल्या पट्ट्यात अशी घरं आहेत, फक्त कोणी बोलत नाही.

आमचे हे इंजिनरूममध्ये फिटर होते. २०१० साली सोमाली चाच्यांनी जहाज पळवलं, २०११ मध्ये सुटून घरी आले. जायच्या आधी शिमग्याला पालखी नाचवण्यात सगळ्यात पुढे हेच. रस्त्यात भेटलेल्या तिऱ्हाइताला जेवायला घेऊन यायचे आणि मग मला आत येऊन विचारायचे, भात पुरेल ना? आले ते मात्र पडवीत बसायचं तर भिंतीला पाठ लावून. मागून कोणी गेलेलं खपत नाही. गादीखाली बिस्किटांचे पुडे, मुंग्या लागल्या तरी टाकू देत नाहीत. दारू नाही, आरडाओरडा नाही. फक्त कोणावर म्हणून विश्वास नाही, सख्ख्या भावावरही नाही. त्यात कंपनीने अडकलेल्या महिन्यांचा पगार बुडवला, एजंटने फोन उचलणं सोडलं, म्हणजे संशयाला खतपाणीच. (कैदेतल्या दिवसांचाही पगार द्यायला हवा हा आंतरराष्ट्रीय नियम २६ डिसेंबर २०२० पासून लागू आहे. आमच्या वेळी नव्हता. ज्यांचे आत्ता बोटीवर आहेत त्यांनी लक्षात ठेवा.)

देवळात कौल लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत डिप्रेशन लिहून दिलं. गोळ्यांनी झोप लागली, बाकी जैसे थे. नातेवाईक म्हणायचे, स्वभावच तसा झालाय, आता काय करणार.

इथे पहिल्याच दिवशी हे खुर्चीत बसेनात, कारण दार पाठीमागे येत होतं. बाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, खुर्ची उचलून भिंतीला टेकवली, दार समोर दिसेल अशी, आणि पुन्हा आपल्या जागेवर बसल्या. हे बसले. चाच्यांबद्दल त्या दिवशी एक अक्षर विचारलं नाही. मलाच विचारत राहिल्या: बोटीवर जायच्या आधी कसे होते, भांडण झालं की काय करायचे, मित्र कोण कोण, कशावर हसायचे. इतक्या वर्षांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. ह्यांना विचारलं ते एवढंच, की मारहाणीत डोक्याला लागलं होतं का. लागलं होतं. मग एमआरआय लिहून दिला, कारण मेंदूला मार बसूनही माणसाचा स्वभाव पालटतो, ते आधी तपासायला हवं. रिपोर्ट नॉर्मल आला.

मग कागदावर लिहून समजावलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या यादीत, आयसीडी-१० मध्ये, ह्याची वेगळी नोंद होती: एफ ६२.०, भयंकर अनुभवानंतर व्यक्तिमत्त्वात झालेला कायमस्वरूपी बदल. छळछावणी, लांबलेली कैद, छळ, मोठी आपत्ती असलं काही सोसल्यावर माणूस जगाकडे संशयाने बघू लागतो, लोकांतून उठतो, आतून रिकामा होतो, सतत दबकून राहतो. आधी तो तसा नव्हता, आणि बदल निदान दोन वर्षं टिकलाय, असं दिसलं तरच हे निदान. म्हणून ते आधीचे प्रश्न! २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये ही वेगळी नोंद राहिली नाही, आता अशा बऱ्याच जणांचं निदान कॉम्प्लेक्स पीटीएसडी, म्हणजे लांबलेल्या भयंकर अनुभवाने मनावर खोल राहिलेला आघात, म्हणून होतं. ह्यांच्या फायलीवरही तेच आहे.

उपचार म्हणजे सर्ट्रालीनची गोळी, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि मनाने बंद करायची नाही. शिवाय शनिवारी सायकॉलॉजिस्टकडे बोलणं. कधी हे एकटे, कधी मी आणि दीर सोबत. बाईंनी तोंडावर सांगितलं, "आधीचे जसेच्या तसे परत मिळतील असं मी म्हणणार नाही." मला ते पटलं. खात्रीने बरं करून देतो म्हणणाऱ्यांनी आमचे पैसे आधीच खाल्लेत. दीर आता विचारून, समोरून येतात, मागच्या दाराने नाही. यंदा गणपतीत हे आरतीला उभे राहिले, उंबऱ्याजवळ का होईना. पुडे अजून गादीखाली आहेत, पण डब्यात.

आता कापलेला तारा. काउंटरवरची मुलगी नावासकट "झोपेच्या गोळ्यांचे तुम्हीच ना?" असं सगळ्या बाकांना ऐकू जाईल एवढ्याने विचारते. आपल्याकडे बाकावरचं अर्ध्या तासात गावी पोचतं. दोनदा सांगूनही फरक नाही. सायकॉलॉजिस्ट फक्त शनिवारी, तोही पावसाळ्यात चुकतो. आणि संध्याकाळनंतर दवाखान्याचा फोन कोणी उचलत नाही. रात्री अडचण आली तर मी सरकारच्या टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, लावते. फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात.

पहिल्यांदा जाताना जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, डोक्याचे काही रिपोर्ट असले तर ते, सीडीसी (खलाशाचं बोटीवरच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), आणि माणसाला आधीपासून ओळखणारं घरातलं कोणीतरी बरोबर न्या. एकट्याला पाठवू नका, बाई परत बोलावतात आणि सहाशे पुन्हा लागतात.