जांभळ्या पुड्या आणि माझे 46 हजार

चैत्रात भेंडीचा तोडा सुरू होता तेव्हाची गोष्ट. चोपड्याकडे आमची एक एकर भेंडी. भाव पडला की तोडणीची मजुरीही सुटत नाही. बांधावर एक माणूस थर्माकोलची पेटी घेऊन आला. "भाऊ, ही पंधरा दिवसांपूर्वी तोडलेली." हिरवीगार, शेंडा मोडला की कट्! आत जांभळ्या दाण्यांच्या पुड्या. म्हणे, या टाकल्या की कोल्ड स्टोरेजशिवाय माल 25 दिवस टिकतो आणि दुबईचा खरेदीदार तयारच आहे. 'नोंदणी' 30 हजार, 400 पुड्यांचे 16 हजार.

आईने देठ पाहिला. "हाई भेंडी कालनी शे." म्हणजे ही कालचीच. भेंडी शिळी झाली की देठाचा काप काळवंडतो, हिचा ओला, पांढरट-हिरवा. मलाही दिसलं होतं. पण दुबईपुढे आईचं कोण ऐकतो? पैसे त्याच्या खासगी खात्यावर फोनवरून टाकले. पावतीही मागितली नाही.

पाच क्रेट भरले. दुपारी 43 अंशांत तोडलेला माल, वर पुड्या. तिसऱ्या दिवशी भेंडी सुरकुतली, पाचव्या दिवशी बुळबुळीत. तो म्हणाला, "पुड्या वाढवा." मग फोन बंद.

यावलला केळी निर्यातीचं काम करणाऱ्या मित्राने मग समजावलं. अशा पुड्या खऱ्याही असतात. पोटॅशियम परमँगनेट लावलेले दाणे इथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा वायू, खातात आणि खाता खाता जांभळ्याचे तपकिरी होतात. केळीच्या खोक्यात त्यांचं काम. भेंडीचं दुखणं वेगळं: अंगातली उष्णता आणि उडून जाणारं पाणी. सकाळी तोडायची, लगेच प्री-कूलिंग म्हणजे मालातली उष्णता काढायची, मग 7 ते 10 अंश आणि भरपूर ओलावा; एवढं करूनही आठ-दहा दिवस. त्याहून थंड ठेवली तर डाग पडतात. म्हणजे 25 दिवस ऐकूनच मी उठायला हवं होतं.

त्याने माझ्या दोन पुड्या पिकत्या केळ्यांसोबत झाकणाच्या बादलीत ठेवल्या. आठवड्याने उघडलं तर केळी काळी, पुड्या जांभळ्याच. रंगवलेले खडे!

पुडीवाल्याने दिलेल्या करारावर आयात-निर्यात कोडही होता. डीजीएफटीच्या, म्हणजे परदेशी व्यापाराच्या सरकारी खात्याच्या, साइटवर टाकला, तर भलत्याच फर्मचा. दोन मिनिटांचं काम, पैसे गेल्यावर केलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रारही अकराव्या दिवशी. तोवर खातं रिकामं.

परवा शिरपूरहून मेव्हण्याचा फोन आला: थर्माकोलची पेटी घेऊन कुणीतरी आलंय, दाजी, घेऊ का? म्हटलं, आधी देठ बघ.