सायकिट-इमेजचे मार्चिंग क्यूब्स: सूत्रापासून एसटीएल फाइलपर्यंत

हाती केवळ गणिती सूत्र असलेल्या आकाराची त्रिमितीय छपाईसाठी जाळी (त्रिकोणांनी बनलेला पृष्ठभाग) करायची असेल, तर पायथनच्या सायकिट-इमेज या लायब्ररीतील मार्चिंग क्यूब्स हे फंक्शन मी निःशंकपणे सुचवेन. लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही पद्धत अवकाशाचे बारीक घन पाडते, प्रत्येक घनाच्या आठ कोपऱ्यांवरील सूत्राच्या किमती पाहते आणि ज्या कडांवर चिन्ह बदलते तेथे बिंदू बसवून त्रिकोण जोडते. मूळ पद्धतीत काही स्थितींमध्ये शेजारच्या घनांचे त्रिकोण न जुळल्यामुळे भोके पडत असत. हे फंक्शन मुळातच ही त्रुटी टाळणारी लेविनर यांची सुधारित पद्धत वापरते, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

मी जाड भिंतीचा जायरॉइड (तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा येणारा वळणदार पृष्ठभाग) करून पाहिला. बाजूला २०० बिंदू घेऊन ६० मिलिमीटरचा ठोकळा मागितला, तर तो ५९.७ मिलिमीटरचा आला, कारण २०० बिंदूंमध्ये अंतरे १९९ च असतात आणि स्पेसिंगसाठी (शेजारच्या दोन बिंदूंमधील अंतरासाठी) मी ६० ला २०० ने भागले होते. ही दुरुस्ती केल्यावरही ट्रायमेश या जाळ्या हाताळणाऱ्या पायथन लायब्ररीची वॉटरटाइट तपासणी (जाळी पूर्ण बंद आहे का, ही) नापास झाली, कारण ठोकळ्याच्या सीमेवर पृष्ठभाग उघडाच राहिला होता. भोवती ‘बाहेर’च्या, म्हणजे बिंदू आकाराबाहेर असल्याचे दाखवणाऱ्या, किमतींचा एक थर लावला की जाळी बंद होते, पण माप किंचित वाढते, म्हणून अचूक माप हवे असेल, तर त्या थराच्या आत बसणाऱ्या ठोकळ्याचे सूत्र घेऊन मूळ आकाराशी त्याचा छेद काढणे अधिक चांगले.

धारदार कडांच्या बाबतीत मात्र ही पद्धत कमी पडते. काटकोनी कड छाटल्यासारखी येते आणि बिंदूंची जाळी प्रत्येक दिशेला दुप्पट बारीक केली तरी तो छाट फक्त लहान होतो, तर स्मृतीचा खर्च आठपट होतो: ८० लाख किमतींच्या जागी ६ कोटी ४० लाख. अशा भागांसाठी धारदार कडा टिकवणारी ड्युअल कंटूरिंग ही पद्धतच हवी.

जाळी एसटीएल या त्रिमितीय छपाईच्या फाइल प्रकारात निर्यात करण्याचे काम ट्रायमेश एका ओळीत करते. त्याआधी घनफळ अवश्य पाहावे. ते ऋण आले, तर त्रिकोणांची दिशा उलटी आहे. एसटीएलमध्ये एककाची नोंद नसते, त्यामुळे सूत्रातले माप मिलिमीटरमध्येच ठेवावे.