एचपीएलसीचा पंधरा दिवसांचा कोर्स: 12,000 रुपयांत काय मिळालं

ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी झाले, तरी एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) माझा हात लागला नव्हता. कॉलेजात मशीन होतं, पण काचेच्या खोलीत, कुलपात. जर्नलमध्ये चिकटवायला क्रोमॅटोग्रामची, म्हणजे मशीनने काढलेल्या आलेखाची, झेरॉक्स मिळायची. पहिल्याच मुलाखतीत विचारलं, ''पीकला टेलिंग आलं तर काय कराल?'' मी टेलिंगची व्याख्या सांगितली: आलेखातल्या पीकला, म्हणजे शिखराला, मागे शेपूट येणं. त्यांना उपाय हवा होता. त्यानंतर पुण्यातल्या एका खासगी संस्थेत नाव घातलं.

पहिले तीन दिवस नुसत्या स्लाइड्स, ते सगळं पुस्तकात आहे. चौथ्या दिवशी मशीन हातात आलं. आठ जणांत दोन मशीन. मोबाईल फेज (मशीनमधून वाहणारा द्रव) ज्याचा त्याने बनवायचा: फॉस्फेट बफर, पीएच 3, मग 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून सोनिकेटरमध्ये हवा काढायची. मी हवा काढण्यात घाई केली आणि प्रेशर वरखाली व्हायला लागलं, बेसलाइन (आलेखाची तळरेषा) थरथरायला लागली. शिकवणाऱ्या मॅडमनी बरीच वर्षं क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, काढलेली. त्या शेजारी उभ्या राहिल्या, पण मशीनला हात लावला नाही. ''कारण तू शोध,'' एवढंच म्हणाल्या. दीड तास गेला, पण बेसलाइन मी सरळ केली.

मशीनला पॅरासिटामॉलच्या नमुन्याची पाच इंजेक्शनं दिली तेव्हा एरियाचा (पीकच्या क्षेत्रफळाचा) आरएसडी, म्हणजे इंजेक्शनांमधली तफावत, 2 टक्क्यांच्या आत येईना. इंजेक्टर हाताने चालवायचा होता आणि 20 मायक्रोलिटरच्या लूपमध्ये (नमुना भरायच्या नळीत) मी मोजून 20च भरत होते. लूपमधून जास्तीचं वाहून जाईल इतकं भरावं लागतं, हे तिथे कळलं. पुढच्या पाच इंजेक्शनांना 0.8 आला.

टेलिंगचं उत्तरही मिळालं. कॉलमच्या (ज्या नळीत घटक वेगळे होतात तिच्या) सिलिकावर उरलेले सिलॅनॉल गट अमाइन असलेल्या औषधाला धरून ठेवतात. पीएच खाली आणला की ती पकड सुटते. म्हणजे रेणूची रचना पाहून मेथड ठरवायची! ऑरगॅनिकवाल्यांनी सिंथेसिसलाच जायचं असं मी धरून चालले होते. आता मी अॅनालिटिकल डेव्हलपमेंटच्या (तपासणीच्या मेथड तयार करण्याच्या) जागांना अर्ज करते, आणि मनापासून करते.

एका गोष्टीचा मात्र राग आहे. जाहिरातीत 'शंभर टक्के प्लेसमेंट' होतं. प्रत्यक्षात व्हॉट्सअॅपवर वॉक-इनच्या दोन जाहिराती आल्या. घरून पैसे मागून आलेल्या मुलांना असं सांगणं बरोबर नाही. ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद) आणि डेटा इंटिग्रिटी (नोंदींचा खरेपणा) अर्ध्या तासात उरकलं, आणि नंतरच्या दोन्ही मुलाखतींत प्रश्न त्यावरच होते. सर्टिफिकेट कोणी उघडूनही पाहिलं नाही.

फी भरण्याआधी बॅच किती जणांची आणि इंजेक्शन स्वतः द्यायला मिळणार का, हे विचारा. संध्याकाळी कॉलम धुवायला थांबू देतात का, तेही विचारा. बफरनंतर थेट शुद्ध अॅसिटोनायट्राइल सोडलं तर मीठ बसून कॉलम चोंदतो, आधी पाणी जास्त असलेलं मिश्रण सोडायचं. मॅडम आमच्यासाठी रोज सातपर्यंत थांबायच्या.