बजेटचं सरकारी ॲप: आठ पैसे की साडेतेरा टक्के?

केंद्र सरकारचं ‘युनियन बजेट’ ॲप २०२१ पासून आहे. फुकट, जाहिराती नाहीत, अर्थसंकल्पाची सगळी कागदपत्रं एका जागी. मी ते २०२५-२६ च्या बजेटसाठी नीट चाळलं. पाचपैकी चार तारे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या दोन कारखान्यांचे हिशेब मी लिहिते, त्यामुळे माझी नजर आधी आकड्यांवर जाते. अर्थमंत्र्यांचं भाषणही त्यात आहे, पण ते टीव्हीवर ऐकलं तेवढं पुरे.

मला हवा होता संरक्षणाचा खर्च. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं आणि आमच्या गल्लीत जो तो संरक्षणतज्ज्ञ झाला. एक म्हणतो, सरकारच्या रुपयातले फक्त आठ पैसे सैन्याला. दुसरा म्हणतो, खोटं आहे, साडेतेरा टक्के. दोघंही मोबाइल पुढे करतात आणि दोन्हीकडे आकडा सरकारीच! म्हटलं, बघू या ॲपला याचा ताळा जमतो का.

जमतो, पण हातात पेन घ्यावं लागतं.

आठ पैसे येतात ‘बजट का सार’मधल्या ‘रुपया कुठे जातो’ या गोल चित्रातून. त्यात संरक्षण म्हणजे सैन्याचा महसुली (रोजचा) खर्च ३,११,७३२ कोटी आणि भांडवली (टिकाऊ खरेदीचा) खर्च १,८०,००० कोटी, मिळून ४,९१,७३२ कोटी. पेन्शन यात धरलेलीच नाही, केंद्राच्या सगळ्या पेन्शनचा चार पैशांचा तुकडा वेगळा. शिवाय हा भागाकार ५०,६५,३४५ कोटींच्या बजेटाने केलेला नाही. राज्यांना जाणारा करांचा वाटा, म्हणजे १४,२२,४४४ कोटी, त्यात मिळवला आहे. तेव्हा भाग जातो ६४,८७,७८९ कोटींनी. उत्तर साडेसात टक्क्यांच्या किंचित वर, म्हणून आठ पैसे.

साडेतेरावाला संरक्षण मंत्रालयाचा पूर्ण आकडा घेतो. वरच्या दोन रकमांत १,६०,७९५ कोटींची पेन्शन आणि मंत्रालयाच्या मुलकी खात्याचे २८,६८३ कोटी (तटरक्षक दल, सीमेवरचे रस्ते वगैरे) मिळवले की ६,८१,२१० कोटी होतात. त्याला फक्त केंद्राच्या बजेटाने भागलं की १३.४५ टक्के. दोघंही खरं बोलतात, फक्त वरचा आकडाही वेगळा आणि खालचाही.

चित्राखाली एवढ्या दोन ओळी कुणी लिहिल्या असत्या तर आमच्या गल्लीतली निम्मी भांडणं मिटली असती. माझा एक तारा इथेच कापला गेला. दुसरी खंत भाषेची. सगळं इंग्रजी आणि हिंदीत. मराठी नाही, त्यामुळे ‘राजस्व’ म्हणजे महसुली हे आधी समजावून सांगावं लागतं.

शेजारी निवृत्त हवालदार काका राहतात. त्यांना म्हटलं, “काका, आठ पैशांत तुम्ही नाही.” ते म्हणाले, “मग आम्हाला कुठल्या खात्यात टाकलंय?” चार पैशांचा पेन्शनचा तुकडा दाखवला. त्यातला निम्म्याहून मोठा वाटा सैन्याच्या निवृत्तांचाच आहे. काका खूश झाले. मग वन रँक वन पेन्शन (एकाच हुद्द्याला आणि तेवढ्याच सेवेला सारखी पेन्शन) १ जुलै २०१४ पासून लागू असल्याचं त्यांनी मला नव्याने सांगितलं आणि तिथून गाडी अग्निवीरांवर गेली. चार वर्षांनी त्यांच्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार आणि बाकीच्यांना पेन्शन नाही, यावर काका जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण माझ्यासारखीला खरी मेजवानी आहे मागणी (खर्चासाठी संसदेकडे मागितलेली रक्कम) क्रमांक १९ ते २२ मध्ये. मुलकी, महसुली, भांडवली आणि पेन्शन अशा चार वेगळ्या मागण्या. आमच्याकडे नवा रॅपियर लूम घेतला तर तो भांडवली आणि सूत, वीजबिल, पगार महसुली, तसंच इथे. विमानं, जहाजं, तोफा भांडवलीत. पगार, इंधन, दुरुस्ती महसुलीत. आता भांडवली १.८० लाख कोटी आणि पेन्शन १.६१ लाख कोटी शेजारी ठेवून बघा. माझ्या मते वाद घालायचाच तर तो साडेतेरा टक्क्यांवर नको, या दोन आकड्यांवर घाला. मंत्रालयाच्या प्रसिद्धिपत्रकाप्रमाणे भांडवलीतले १,४८,७२३ कोटी आधुनिकीकरणाला आहेत आणि त्यातले पाऊण देशातल्या खरेदीसाठी राखून ठेवलेत.

जीडीपीशी ताडून बघायची सोयही इथे आहे. बजेटात धरलेला जीडीपी सुमारे ३५७ लाख कोटी, म्हणजे संरक्षण १.९ टक्के. आमचे तज्ज्ञ तीन टक्के मागतात. तीन टक्के म्हणजे १०.७ लाख कोटी, २०२५-२६ च्या तरतुदीपेक्षा जवळजवळ चार लाख कोटी जास्त. आणायचे कुठून? त्याच ॲपमध्ये राजकोषीय तूट (कर्ज काढून भागवायचा खर्च) १५,६८,९३६ कोटी दिसते आणि व्याज १२,७६,३३८ कोटी. व्याजच संरक्षणाच्या जवळपास दुप्पट आहे हो! हा आकडा दाखवला की चहा पिणारे गप्प होतात आणि क्रिकेटवर येतात.

एक गोष्ट मात्र या चार मागण्यांत शोधू नका. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी हे सगळं गृह मंत्रालयाकडे आहे. स्टॉकहोमची सिप्री संस्था लष्करी खर्च मोजताना निमलष्करी दलंही धरते, म्हणून तिचे आकडे आपल्या बजेटाशी तंतोतंत जुळत नाहीत. २०२४ साठी तिने भारताचा खर्च ८६ अब्ज डॉलर धरला, जगात पाचवा.

वापरणाऱ्यांना एवढंच सांगेन, खर्चाचा अख्खा ग्रंथ मोबाइलवर उतरवत बसू नका. प्रत्येक मागणीची पीडीएफ स्वतंत्र मिळते. १९ ते २२ एवढ्याच घ्या, नवी पेठेत झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून घ्या, आणि आकड्याआधी उणे चिन्ह असेल तर तो वजाबाकीचा असतो हे त्यालाही सांगून ठेवा, तो कडा कापताना चिन्ह उडवतो.