बिटकॉइन कोअर ३०.२ : नोड खुशाल चढवा, जुन्या वॉलेटला मात्र जपून हात लावा

बिटकॉइन कोअर म्हणजे बिटकॉइनचं नेटवर्क चालवणारा मूळ प्रोग्रॅम. त्याची ३० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली आणि जगभर तिच्यावर भांडण पेटलं ते ओपी-रिटर्नवरून. व्यवहारासोबत या मार्गाने जोडायच्या मजकुराला आधी ८३ बाइटची मर्यादा होती, ती आता १,००,००० बाइट केली आहे. साखळीत (ब्लॉकचेनमध्ये) कचरा भरणार म्हणून एक गट चिडला, काही जण नॉट्स या पर्यायी प्रोग्रॅमकडे वळले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे घरच्या कॉम्प्युटरवर नोड चालवणाऱ्याला (म्हणजे हा प्रोग्रॅम चालू ठेवून साखळी स्वतः तपासणाऱ्याला) या भांडणाचं फारसं देणं-घेणं नाही. आपल्या नोडने कोणते अपुष्ट (अजून ब्लॉकमध्ये न गेलेले) व्यवहार पुढे पाठवायचे, एवढंच ही मर्यादा ठरवते. ब्लॉकमध्ये शिरलेलं सगळं आधीही घ्यावं लागत होतं, आताही लागतं. पटत नसेल तर सेटिंगच्या 'बिटकॉइन.कॉन्फ' फाइलमध्ये 'डेटाकॅरियरसाइझ=८३' अशी ओळ टाका, विषय मिटला. (या लेखातल्या सगळ्या ओळी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच लिहायच्या, हे सांगायला नको.)

ज्या बदलामुळे खरोखर पैसे अडकू शकतात, त्याची चर्चा त्या मानाने कमीच झाली. जुन्या पद्धतीचं, म्हणजे 'लेगसी' वॉलेट ३० मध्ये उघडतच नाही. ज्या बर्कली डेटाबेसवर ते चालायचं, तो प्रोग्रॅममधून काढून टाकला आहे. एप्रिल २०२२ च्या २३.० पासून नवं वॉलेट आपोआप 'डिस्क्रिप्टर' पद्धतीचं बनतं, त्यामुळे त्यानंतर सुरुवात केलेल्यांना बहुधा काहीच करावं लागणार नाही. २०१७ किंवा २०२१ च्या तेजीत कोअर टाकलं आणि 'वॉलेट.डॅट' तसंच ठेवून दिलं, अशांनी मात्र थांबायचं. आपलं वॉलेट कोणतं, हे जुन्या आवृत्तीतच पाहून घ्या. 'विंडो' मेनूतून कन्सोल उघडून 'गेटवॉलेटइन्फो' टाइप करा. उत्तरात 'डिस्क्रिप्टर्स' पुढे 'फॉल्स' आलं, तर वॉलेट लेगसी आहे.

लेगसी वॉलेट नव्या पद्धतीत आणायची सोय आहे: 'फाइल' मेनूतलं 'मायग्रेट वॉलेट'. आणि याच जागी ३०.० आणि ३०.१ घसरल्या. बिननावाचं जुनं डीफॉल्ट वॉलेट, जे ०.२१ पासून आपोआप बनणं बंद झालं, त्याचं रूपांतर मध्येच फसलं, तर काही विरळ परिस्थितीत वॉलेटच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली पुसल्या जाऊ शकत होत्या. त्याच एका वॉलेटची फाइल नाही, शेजारच्या वॉलेटांच्याही! जानेवारी २०२६ मध्ये ही चूक जाहीर झाली, दोन्ही आवृत्त्या अधिकृत डाउनलोड पानावरून काढल्या गेल्या आणि त्याच महिन्यात दुरुस्ती केलेली ३०.२ आली. रूपांतर फसण्याचं एक संभाव्य कारणही तेव्हाच सांगितलं गेलं: नोड 'प्रून' केलेला (म्हणजे जागा वाचवायला जुने ब्लॉक पुसत जाणारा) आहे आणि ते ब्लॉक पुसले जात असताना वॉलेट उघडलेलं नव्हतं. आपल्याकडे छोट्या डिस्कमुळे प्रूनवरच नोड चालवणारे पुष्कळ. म्हणजे कागदावर 'विरळ' म्हटलेली ही परिस्थिती इथे तितकीशी विरळ नाही.

तेव्हा पेन ड्राइव्हवर ३०.० किंवा ३०.१ चा सेटअप पडून असेल तर पुसून टाका. मित्राकडून आलेला सेटअपही नको. बिटकॉइनकोअर.ऑर्ग वरून ३०.२ घ्या आणि सोबत 'एसएचए२५६सम्स' ही प्रत्येक सेटअपच्या हॅशची (फाइलच्या ठशाची) यादी असलेली फाइल व तिची सही, म्हणजे शेवटी '.एएससी' असलेली फाइल, हीसुद्धा उतरवा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल -हॅशफाइल', मग फाइलचं नाव, मग 'एसएचए२५६' असं लिहिलं की ६४ अक्षरांची ओळ मिळते. ती यादीतल्या ओळीशी जुळली पाहिजे. पण यादीच बनावट असेल तर? म्हणून सही तपासायची. त्यासाठी जीपीजी४विन टाकून त्यातल्या क्लिओपात्रामध्ये कोअरच्या बिल्डरांच्या, म्हणजे सेटअप बनवून सही करणाऱ्यांच्या, चाव्या घ्याव्या लागतात. पहिल्या वेळी अर्धा तास जातो, पुढच्या वेळी दोन मिनिटं. जळगावच्या सराफ्यात हॉलमार्क पाहिल्याशिवाय बांगडी न घेणारी माणसं इथे मात्र डोळे मिटून 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातात. मोबाइलवर 'बिटकॉइन कोअर' नावाचं ॲप दिसलं तर लांबूनच हात जोडा, भो. कोअरचं मोबाइल ॲप नाहीच.

रूपांतराचा क्रम असा ठेवा. आधी जुन्या आवृत्तीतून 'फाइल' मेनूत 'बॅकअप वॉलेट' करून फाइल दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या. मग प्रोग्रॅम बंद करा आणि वॉलेटचा अख्खा फोल्डर वेगळा कॉपी करा. २८.० पासून विंडोजवर नवा डेटा फोल्डर 'ॲपडेटा'मधल्या 'लोकल'मध्ये बनतो. पण आधीपासून 'रोमिंग'मध्ये फोल्डर असेल तर प्रोग्रॅम तोच वापरत राहतो, म्हणून जुन्यांनी 'रोमिंग'मध्येच शोधायचं. शिल्लक किती दिसते ते कागदावर लिहून ठेवा. नंतर ३०.२ टाकून 'मायग्रेट वॉलेट' चालवा. वॉलेटला पासफ्रेज असेल तर तो विचारला जाईल. पत्ते भरपूर असले की काम रेंगाळतं. खिडकी अडकली असं वाटलं तरी प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधून मारू नका.

काम झाल्यावर एकाऐवजी दोन किंवा तीन वॉलेटं दिसली तर दचकू नका. फक्त नजर ठेवण्यासाठी टाकलेले पत्ते 'वॉचओन्ली' शेपटीच्या वेगळ्या वॉलेटात जातात, आणि माहिती आहे पण आपले म्हणून मोजले जात नाहीत असे पत्ते 'सॉल्व्हेबल्स'मध्ये. मूळ फाइलची प्रत '.लेगसी.बॅक' अशा शेवटाने जपून ठेवलेली असते. ती पुसायची नाही. शिल्लक कागदावरच्या आकड्याशी जुळली की लगेच नव्या वॉलेटचा नवा बॅकअप घ्या. जुन्या बॅकअपच्या भरवशावर राहू नका.

वॉलेटात एक-दोनच रकमा पडून असतील तर त्याहून सोपी वाट आहे आणि आमचा कल तिकडेच. २९ मालिकेत लेगसी वॉलेट अजून उघडतं. तिथेच नवं डिस्क्रिप्टर वॉलेट बनवा, त्याचा बॅकअप घ्या, आधी थोडी रक्कम पाठवून पाहा, मग उरलेली सगळी. नेटवर्क फी लागेल, पण रूपांतराची भानगड उरणार नाही. जुनी फाइल तरीही टाकून द्यायची नाही, कारण त्या पत्त्यावर उद्या कोणी पैसे पाठवले तर किल्ली तीच आहे.

मोबाइल वॉलेटवरून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळक सांगायला हवी. कोअर १२ किंवा २४ शब्द देत नाही. इथे बॅकअप म्हणजे फाइल. फाइल गेली, किंवा पासफ्रेज विसरला, तर कुठलीही कंपनी, कुठलाही हेल्पलाइन नंबर ते परत आणून देणार नाही.

आता नोडकडे. पूर्ण साखळी ७०० जीबीच्या वर गेली आहे, दरवर्षी सुमारे ८०-९० जीबीची भर पडते, आणि खर्च न झालेल्या नाण्यांचा हिशेब ठेवणारा 'चेनस्टेट' आणखी दहा-अकरा जीबी घेतो. १ टीबीची एसएसडी आज पुरते, पण नवीन घेणार असाल तर २ टीबीच घ्या. गोलाणी मार्केटमधून जोडून घेतलेल्या जुन्या पीसीत २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क अशी जोडी असेल, तर 'ब्लॉक्सडिर' हा पर्याय वापरा: ब्लॉक हार्ड डिस्कवर, चेनस्टेट एसएसडीवर. ब्लॉक एकापाठोपाठ एक लिहिले जातात, ते हार्ड डिस्कला झेपतं. चेनस्टेटमध्ये मात्र सतत इकडून तिकडे वाचन-लेखन चालतं आणि तिथे हार्ड डिस्क गुडघे टेकते. अख्खं हार्ड डिस्कवर ठेवून पहिलं सिंक (अख्खी साखळी उतरवून तपासणं) करायला गेलात तर काम आठवडेच्या आठवडे रखडतं.

वेग वाढवण्यासाठी सगळे 'डीबीकॅश', म्हणजे हा हिशेब रॅममध्ये साठवायची जागा, वाढवायला सांगतात. मूळ आकडा ४५० एमबी आहे. ८ जीबी रॅम असेल तर पहिल्या सिंकपुरता ३००० करता येतो आणि फरक लगेच जाणवतो. पण जिथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तिथे हा सल्ला उलटतो. कॅशमध्ये साठलेला हिशेब डिस्कवर उतरायच्या आत वीज गेली, की तेवढी तपासणी पुन्हा करावी लागते. कॅश जितका मोठा तितकं नुकसान मोठं. म्हणून लॅपटॉप किंवा चांगला यूपीएस असेल तरच आकडा वाढवा. नुसत्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याचं बटण 'यूपीएस मोड'वर आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला लागणाऱ्या क्षणातच पीसी रीस्टार्ट होतो. राउटरही त्याच लाइनवर घ्या.

वारंवार वीज गेल्याने चेनस्टेट बिघडला, तर पूर्ण नोडवर 'रीइंडेक्स-चेनस्टेट' चालवून डिस्कवरच्याच ब्लॉकांतून तो पुन्हा बांधता येतो. वेळ जातो, डेटा जात नाही. प्रून केलेल्या नोडवर हा पर्याय चालतच नाही. पूर्ण 'रीइंडेक्स' करावं लागतं, म्हणजे पहिल्या ब्लॉकपासून सातशे-सव्वासातशे जीबी पुन्हा उतरवायचे. महिन्याला १ टीबीची मर्यादा असलेल्या जोडणीवर असं दोनदा झालं की घरातल्यांचं इंटरनेटही रांगायला लागतं. प्रून म्हणजे बचत हे खरं (किमान ५५० एमबीवरही नोड चालतो), पण त्याची किंमत अशी आडून वसूल होते. शिवाय जुन्या वॉलेटचा बॅकअप प्रून नोडवर परत आणायला गेलं तर तेवढे मागचे ब्लॉकच नसतात आणि वॉलेट उघडायला नकार मिळतो. प्रूनच करायचं असेल तर वॉलेट कायम उघडं ठेवा.

बंद करतानाही घाई नको. 'ही खिडकी जाईपर्यंत कॉम्प्युटर बंद करू नका' अशी सूचना येते, ती शब्दशः घ्या. नवी आवृत्ती जुन्यावर चढवतानाही आधी ती खिडकी जाऊ द्या, मगच सेटअप चालवा.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा पहिलं सिंक सुरूच करू नका, किंवा रात्री करा. एनव्हीएमई एसएसडी तापली की स्वतःहून वेग उतरवते आणि प्रोग्रॅमला दोष दिला जातो. हीटसिंक लावा. कॅबिनेट कूलरच्या थेट ओल्या झोतात मात्र ठेवू नका.

नेटवर्कच्या बाबतीत ३० मध्ये 'नॅटपीएमपी' आपोआप चालू केलं आहे. राउटरला ते कळत असेल तर ८३३३ पोर्ट न सांगता उघडतो. आपल्याकडच्या बऱ्याच केबल-फायबर जोडण्या सीजीनॅटच्या (एकच इंटरनेट पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याच्या पद्धतीच्या) मागे असतात, तिथे त्याचा उपयोग होत नाही. बाहेरून कोणी जोडलं जात नाही, आपणच बाहेर दहा जोडण्या करतो. स्वतःचे व्यवहार तपासायला तेवढ्या पुरतात. सीजीनॅट नसेल आणि अपलोड वाढतोय असं वाटलं तर 'मॅक्सअपलोडटार्गेट=५०००' टाका, म्हणजे २४ तासांत साधारण ५ जीबीच्या आसपास आवर बसेल.

फीबद्दल एक गैरसमज पसरला आहे. पुढे पाठवण्याची किमान फी १ वरून ०.१ सॅट प्रति व्हीबाइट केली, हे खरं (सॅट म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग, व्हीबाइट हे व्यवहाराच्या आकाराचं माप). पण वॉलेटचा स्वतःचा किमान दर तसाच आहे. त्याहून कमी फीने पाठवायचं तर 'मिनटीएक्सफी' वेगळी बदलावी लागते, आणि वाटेतल्या इतर नोडांनी ती स्वीकारली नाही तर व्यवहार लटकतो. व्यवहार पाठवताना 'आरबीएफ'ची खूण चालू ठेवा, नंतर फी वाढवता येते.

दिसायला प्रोग्रॅम क्यूटी ६ (खिडक्या-बटणं दाखवणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) वर गेला आहे, विंडोजवर डार्क मोड आला. लॉग फाइल फुगून डिस्क भरू नये म्हणून लॉगलाही वेसण घातली आहे. दोन्ही बदल बरे, त्याहून जास्त बोलण्यासारखं त्यांत काही नाही.

सीएकडे जाताना 'ट्रान्झॅक्शन्स'मधलं 'एक्सपोर्ट' बटण कामी येतं. सीएसव्ही फाइल मिळते, तिच्यात तारीख, प्रकार, पत्ता, रक्कम आणि व्यवहार क्रमांक असतो. रुपयांतली किंमत नसते. नफ्यावर ३० टक्के कर, त्यातून फक्त खरेदी किंमत वजा करता येते आणि तोटा दुसऱ्या नफ्यातून वळता होत नाही. म्हणून त्या त्या दिवसाचा रुपयांतला भाव ज्याने त्याने त्याच वेळी लिहून ठेवायचा. पत्त्याच्या लेबलमध्येच तो टाकला तर एक्सपोर्टमध्ये आपोआप येतो. एक्सचेंजवरून स्वतःच्या वॉलेटात आणलेल्या नाण्यांना 'स्वतःकडेच हस्तांतर' असं लेबल द्या, नाहीतर सीए मार्चअखेरीस एकेका ओळीसाठी फोन करत बसेल.