मॉड्यूल १५चा रविवारचा वर्ग, चकाला

एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) परीक्षा देणाऱ्यांसाठी लिहितेय. गॅस टर्बाइनचं, म्हणजे जेट इंजिनाचं, हे मॉड्यूल पाठांतरावर सुटतं असं सीनियर सांगतात, आणि सुटतंही. पण उद्या हँगरमध्ये ज्या इंजिनाच्या कामाखाली आपली सही असेल, ते टिकतं कशामुळे हे कळायला हवं असेल, तर या वर्गात नाव घाला.

सर पूर्वी इंजिन शॉपच्या टेस्ट सेलमध्ये, म्हणजे इंजिन चालवून तपासतात तिथे, होते. पहिल्याच तासाला त्यांनी भंगारातलं टर्बाइन ब्लेड हातोहात फिरवलं. आतून पोकळ, अंगावर बारीक छिद्रं. ते ज्या वायूत फिरतं तो त्या धातूच्या वितळणबिंदूहूनही तापलेला असतो. छिद्रांतून येणाऱ्या हवेच्या पातळ थरामुळे ब्लेड वाचतं. हे हातात घेतल्यावर नव्या इंजिनाला प्रमाणपत्रासाठी द्यावी लागणारी १५० तासांची एन्ड्युरन्स टेस्ट आपोआप डोक्यात बसते. सहा-सहा तासांच्या २५ फेऱ्या, त्यात वेग आणि तापमान मर्यादेपर्यंत न्यायचं, आणि शेवटी इंजिन उघडून भागन् भाग तपासायचा. ब्लेड ताणून जरा जरी लांबलं, तरी केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, घासणार.

पक्ष्यांच्या तासाला सगळा वर्ग सरसावून बसतो, कारण कुर्ला-जरीमरीवरच्या घारी आपण रोज बघतो. मध्यम पक्ष्यांचा थवा आत गेला तरी इंजिनाने ७५ टक्के जोर राखायचा असतो. फॅन ब्लेड-ऑफ चाचणीत तर पुढच्या मोठ्या पंख्याचं पूर्ण वेगात फिरणारं पातं मुळाशी स्फोट घडवून मुद्दाम तोडतात. तुकडे केसिंगने अडवायचे, इंजिन विमानाला धरून ठेवणारे माउंट तुटता कामा नयेत, आणि निदान १५ सेकंद आग न लागता इंजिन चाललं पाहिजे.

मला सगळ्यात भिडला तो गारांचा तास. २४ मे १९८८ रोजी टाका एअरलाइन्सचं बोइंग ७३७-३०० न्यू ऑर्लिन्सजवळ पाऊस-गारांत सापडलं आणि त्याची दोन्ही सीएफएम५६ इंजिनं विझली. वैमानिकांनी विमान बांधालगतच्या गवतावर उतरवलं, सगळे वाचले. या इंजिनांना प्रमाणपत्र होतं, पण पाण्याच्या चाचणीचे निकषच खऱ्या वादळापेक्षा सौम्य होते. पुढे गारा कोरपासून, म्हणजे इंजिनाच्या आतल्या गाभ्यापासून, दूर फेकल्या जाव्यात म्हणून इंजिनाच्या नाकाचा आकार आणि फॅनच्या पात्यांमधलं अंतर बदललं, पाणी बाहेर काढायला ब्लीड डोअर, म्हणजे बाहेर सोडणारी झडपेची दारं, वाढवली. सर हे फळ्यावर आकृती काढत एवढं तपशिलात सांगतात की जुलैत मुंबईत उतरणारं प्रत्येक विमान मी आता वेगळ्या नजरेने बघते.

उणिवा आहेत. नोट्सच्या झेरॉक्स इतक्या फिक्या की आकृत्या दिसत नाहीत. एमसीक्यूचा सराव फारच कमी, तो घरी करावा लागतो. खोलीही लहान आहे, मागे बसलात तर फळा अर्धाच दिसतो.

पाचपैकी चार. मध्य रेल्वेवरच्यांनी मेगाब्लॉक बघून निघा, सर दहाच्या ठोक्याला सुरू करतात.