अरिवुची गाणी, साउंडवाल्याच्या कानाने

सोलापुरात माझं साउंडचं काम आहे. चार टॉप, चार बेस, जनरेटर, टेम्पो. जयंती, हळद, वाढदिवस, जे येईल ते. गाणं कसं आहे हे मी आधी बेसवर ठरवतो, शब्दांचं नंतर. शब्द ऐकायला वेळ असतो कुणाला? तमिळ रॅपर अरिवुने मात्र माझी गोची केली, म्हणून हे लिहितोय.

त्याचं ‘एन्जॉय एन्जामी’ २०२१ च्या मार्चमध्ये आलं. लॉकडाऊननंतरच्या लग्नसराईत पोरं फर्माईश करायला लागली, मीही वाजवत गेलो. वऱ्हाड नाचायचं. भाषा तमिळ, त्यामुळे गाणं काय म्हणतंय हे ना त्यांना माहीत, ना मला. माझा भाचा चेन्नईला नोकरीला आहे. सुट्टीत आला तेव्हा त्याने एका दुपारी गाणं थांबवत थांबवत अर्थ सांगितला. पाच झाडं लावली, बाग केली, बाग बहरली, पण माझा घसा कोरडाच राहिला. वर म्हणाला, “मामा, यात ओप्पारी पण आहे.” ओप्पारी म्हणजे मयताला बायका हेल काढून रडतात ते. आणि मी ते हळदीला ठोकत होतो, बेस फुल करून.

अरिवु अरक्कोणमचा. आमच्या स्टेशनात थांबणारी मुंबई-चेन्नई गाडी त्याच्या गावावरूनच जाते, हे कळल्यावर उगाच जवळचा वाटला. गाण्यामागे त्याची आजी आहे, वल्लियम्माळ, श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून परत आलेली. व्हिडिओतही ती दिसते. ज्यांनी जमीन कसली त्यांच्या नावावर गुंठाही नाही, ही गोष्ट आमच्याकडच्या म्हातारीलाही भाषांतर न करता कळेल.

आता माल कसा आहे ते. ‘एन्जॉय एन्जामी’ माझ्या सिस्टीमवर उत्तम वाजतं. ठेका स्वच्छ, सोबतची गायिका धी आणि अरिवु दोघांचे आवाज वेगवेगळे कळतात. अरिवुचा आवाज पातळ नाही, मिडमध्ये छातीतून येतो, टॉपवर खरखरत नाही.

२०१९ चा ‘तेरुक्कुरल’ हा अल्बम त्याने ऑफ्रो या संगीतकाराबरोबर केला. नावातच खोडी आहे. तिरुक्कुरळ हा तमिळांचा मानाचा जुना ग्रंथ. याने ‘तिरु’च्या जागी ‘तेरु’ घातलं, म्हणजे रस्ता, गल्ली. गल्लीचा आवाज. त्यातलं ‘अँटी इंडियन’ मी तीनदा ऐकलं. अंगावर फेकलेला शब्द उचलून त्याने त्याचंच गाणं केलं. पण एक तक्रार: काही ठिकाणी बीट इतका पुढे आहे की मोठ्या स्टॅकवर शब्द दबतात. हेडफोनवर ऐका, नाहीतर बेस दोन घरं खाली घ्या.

मला सगळ्यात आवडला तो त्याचा जुना कंपू, ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार टेन्मा यांनी उभा केलेला, १९ जणांचा. पहिला कार्यक्रम चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये झाला. ‘जातिविहीन तमिळ’ हे शब्द जुने तमिळ विचारवंत अयोती दास पंडितरांचे, नाव त्यावरून. हे पंडितर १८९८ मध्ये बौद्ध झाले, आपल्या नागपूरच्या ५८ वर्षं आधी. शाळेत एका ओळीनेही सांगितलं नाही कुणी. या लोकांच्या गाण्यात रॅपच्या शेजारी पराई वाजते. पराई म्हणजे जवळपास आपली हलगीच: शेकून ताणायची, दोन काड्यांनी वाजवायची, आणि वाजवणाऱ्याला गावाने लांब बसवायचं. माझे आजोबा हलगी वाजवायचे. वडिलांनी सोडली, लाज वाटायची म्हणून. मी थेट स्पीकरवर आलो. या पोरांनी तेच वाद्य स्टेजच्या मध्यावर आणलं आणि आरक्षणावर, बीफवर गाणी केली. ‘कोटा’ ऐका. मला तरी हा जलसाच वाटतो, फक्त पेटीच्या जागी गिटार. आपल्या वामनदादांच्या गाण्यात शब्द आधी, चाल मागून. इथेही तसंच आहे.

एक गोष्ट खटकते, पण त्यात गाण्यांचा दोष नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर ज्या गाण्यांचं कौतुक होतं, ती लिहिणारा अरिवु त्या फोटोत नव्हता. दुसरे गायक होते. पा. रंजित जाहीरपणे बोलले, मग अरिवुचाही फोटो आला. आमच्याकडेही बॅनरवर शाहीर सोडून सगळे असतात.

किंमत: नेट पॅकपुरती. तमिळ येत नसेल तर सबटायटल लावून बघा, त्याशिवाय अर्धा माल हाती लागत नाही. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो बीटसाठी.

गेल्या १४ एप्रिलला बुधवार पेठेत मिरवणूक सुरू व्हायच्या आधी मी ‘कोटा’ लावलं, बेस मुद्दाम खाली घेऊन. दोन मिनिटं पोरं माझ्याकडे बघत राहिली. मग मागून कुणीतरी ओरडलं, “मामा, बेस गेला काय?”

मी म्हटलं, “नाही रे, ऐक.”